ज्येष्ठातल्या दोन नवम्या

लखनौला मी दोन बॅगा, एक कुकर आणि सासूबाई घेऊन आले. हे वाक्य नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी मी हिंदीत म्हणून पाहिलं, पण कुणी हसलं नाही. "माताजी साथ हैं, ये तो बहुत अच्छा है, मैम," असं सगळे अदबीनं म्हणाले आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. विनोद फुकट जाणाऱ्या गावात मी याआधी कधी राहिले नव्हते.

मलिहाबादच्या रस्त्यावर आंब्यावर काम करणारी एक संस्था आहे, तिथे मी रुजू झाले. त्याआधी अर्धं आयुष्य कोकणातल्या एका कृषी महाविद्यालयात हापूसच्या रोगांमागे घालवलं होतं. आता दशहरी. ऑफिसची गाडी सकाळी विकास नगरच्या कोपऱ्यावरून उचलायची आणि संध्याकाळी तिथेच सोडायची. पहिले काही आठवडे माझी चिडचिड कशानंही व्हायची. इथे कुणी 'नाही' म्हणत नाही, 'हो जाएगा' म्हणतात. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलायचा होता, हो जाएगा. घराच्या नळाला पाणी नव्हतं, हो जाएगा. शेवटी दिवा मीच बदलला आणि पाणी आपलं आपण आलं.

खरं म्हणजे चिडायला मला काहीही पुरायचं, कारण ही नोकरी मुळात आम्हा तिघांची होती. जाहिरात शोधली माझ्या नवऱ्यानं, अर्ज कर म्हणून पाठीस लागला तोही तोच. शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तो घरी बसला होता आणि घरातला स्वयंपाक त्यानं माझ्या हातातून केव्हाच काढून घेतला होता. "तू झाडं बघ, मी डबा करतो," असं त्याचं सरळ गणित होतं. "आणि आई दशहरीला नावं ठेवील. तेवढाच तिचा वेळ जाईल." निवड झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी त्यानं पेढे आणले, आईला पुण्याला फोन लावला, त्या तेव्हा माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या, आणि फोनवरच तिला विचारलं, थंडीचे कपडे आहेत ना तुझ्याकडे? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझा डबा भरला, झाकण लावलं, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "जरा बसतो." स्टुलावर बसला तो पुन्हा उठला नाही. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरात मी एकटी होते. तो डबा नंतर कुणीतरी धुऊन पालथा घालून ठेवला होता.

पावसाळा आणि दिवाळी त्या ओट्याकडे पाठ करून काढली. संस्थेकडून मुदत वाढवून घेत होते. शेवटी आईच म्हणाल्या, "जा तू. मीही येते. इथे बसून दोघी वेड्या होऊ." आम्हाला मूल नाही. नणंदेनं त्यांना पुण्याला बोलावलं होतं, पण त्या माझ्याबरोबर आल्या. का, ते मी विचारलं नाही. त्या आल्या याचंच मला इतकं बरं वाटलं होतं.

माझ्यासारखीच त्यांचीही जीभ तिखट. आल्या आल्या त्यांनी कूलरला नाव ठेवलं 'घोंघावणारा पाहुणा'. इथल्या गव्हाची पोळी चांगली होते हे कबूल केलं, पण नारळ बघून त्यांना रडूच आलं. भाजीवाल्याशी मात्र गट्टी जमली. तो हिंदीत बोलायचा, त्या मराठीत, आणि दोघांचं पटायचं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं त्यांना दुकानाचं नाव छापलेलं कॅलेंडर फुकट दिलं. आमचं नेहमीचं मराठी कॅलेंडर रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात खिळ्यालाच राहिलं होतं. त्यामुळे त्यांना मोठाच आनंद झाला. कॅलेंडर फ्रिजशेजारी लागलं. त्यावर तिथ्या होत्या, एकादशा होत्या, अक्षरं आपलीच होती.

आईंना त्या वर्षात एकच काम उरलं होतं, मुलाचं वर्षश्राद्ध तिथीला नीट व्हावं. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, आणि ते त्यांना ठाऊक होतं. "तू नुसती बस," त्या म्हणायच्या, "विश्वास माझा मी ठेवते." ज्येष्ठ वद्य नवमी. एके दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या कॅलेंडरवर बोट ठेवून उभ्या. "ही बघ. ज्येष्ठ कृष्ण नवमी. पुढच्या आठवड्यात आली की गं."

"मे महिन्यातच? तो तर जूनच्या अखेरीला..."

"तिथी दरवर्षी मागे सरकते. तू झाडांचं बघ, हे माझ्यावर सोड."

तिथी मागे सरकते हे मलाही माहीत होतं. किती सरकते याचा विचार करण्याइतकं डोकं माझं त्या दिवसांत चालत नव्हतं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं ओळखीचे पंडितजी सांगितले. फोनवर त्यांनी तिथी विचारली, मी सांगितली, "बिल्कुल ठीक, बुधवार को है," म्हणाले. नवीन नोकरीत रजा मागणं माझ्या जिवावर आलं होतं. साहेबांनी मात्र हातातलं काम बाजूला ठेवून दोन्ही हात जोडले आणि "अरे मैम, ये भी कोई पूछने की बात है" म्हणाले. तेव्हा पहिल्यांदा या गावाच्या अदबीचा मला राग आला नाही.

त्या बुधवारी लखनौ नुसतं भाजत होतं. पंडितजींनी आल्या आल्या विचारलं, "कर्ता कौन हैं?" मी म्हटलं, मीच. त्यांनी आईंकडे पाहिलं, आईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्यानं आसनावर बसले. कूलर बंद करावा लागला, कारण दर्भ उडत होते. घामानं माझ्या हाताला पीठ चिकटत होतं. त्याचं नाव, गोत्र मोठ्यानं म्हणायचं होतं. ते नाव इतक्या महिन्यांत मी मोठ्यानं घेतलं नव्हतं, घेतलं आणि पुढचं बोलता येईना. पंडितजी थांबले. "आराम से, बेटी," म्हणाले. माझ्याहून वयानं लहान होते ते.

संध्याकाळी पुण्याहून नणंदेचा फोन आला. आईंनी तिला सगळं सविस्तर सांगितलं. खीर केली, वडे केले, आमसुलं नेमकी संपली होती म्हणून कैरी घातली. पलीकडे ती काहीतरी बोलली. आईंनी फोन माझ्या हातात दिला.

"वहिनी," ती म्हणाली, "आज कसं केलंत? माझ्यासमोर कॅलेंडर आहे. आज वैशाख वद्य नवमी आहे. दादाची पुढच्या महिन्यात."

आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो आणि इकडे उत्तरेत पौर्णिमेला, हे मी शाळेत कधीतरी वाचलं असणार. शुक्ल पक्षात दोन्हीकडची नावं जुळतात. वद्य पक्षात इकडचा महिना आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे असतो. आपला वैशाख वद्य तो यांचा ज्येष्ठ कृष्ण. पंडितजींची चूक नव्हती, कॅलेंडरचीही नव्हती. आयुष्यभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिथ्या सांगणाऱ्या बाईनं आपल्याच लिपीत लिहिलेलं वाचलं होतं, तिला शंका का यावी?

मी फोन ठेवला. आई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

"म्हणजे गेल्या वर्षी या तिथीला तो होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"हिंडत फिरत होता."

"आई, राहू द्या. पंडितजींना सांगून पुन्हा करू."

"जिवंत मुलाचे पिंड दिले गं मी," असं म्हणून त्या रडल्या. गेल्या जूनपासून मी त्यांना अशा रडताना पाहिलं नव्हतं. पुण्याहून त्या आल्या तेव्हा त्याला हॉलमध्ये आणून ठेवलं होतं, त्यांनी फक्त त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता आणि आल्यागेल्याला पाणी विचारलं होतं. आता मात्र लहान मुलासारख्या हुंदके देत होत्या. मी शेजारी बसून होते. मला त्यांना जवळ घ्यायचं होतं, पण आमच्या घरात सासवासुनांनी एकमेकींना जवळ घेण्याची पद्धत नव्हती. मी कूलर लावला.

सकाळी उठले तर त्यांनी चहा टाकला होता आणि चेहरा धुऊन स्वच्छ केला होता. "अजून महिना आहे," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"त्याला."

मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. पण त्या शुद्धीत होत्या. चहाचा कप पुढे सरकवून म्हणाल्या, "तुझ्या त्या फोनमध्ये तारखा असतात ना? गेल्या वर्षी आजच्या तिथीला काय करत होता ते सांग."

मला ते ऐकवेना. मी फणकाऱ्यानं गाडी पकडायला निघून गेले. बागेत दिवसभर फांद्या तपासल्या आणि एकाही फांदीत लक्ष लागलं नाही. दुपारी झाडाखाली बसून फोन उघडला. वैशाख वद्य दशमी, म्हणजे गेल्या वर्षीची तारीख कोणती ते शोधलं. त्या दिवशीचा त्याचा निरोप होता, "येताना कोथिंबीर. मागच्यासारखे धणे आणू नकोस." एक फोटोही होता. आंब्याचा रस काढून कोपरापर्यंत पिवळे झालेले हात आणि वैतागलेला चेहरा. शेवटच्या अढीतले आंबे होते ते, निम्मे डागाळलेले निघाले होते आणि आंब्याच्या रोगांची तज्ज्ञ बायको असून काय उपयोग, असं तो दिवसभर म्हणत होता.

संध्याकाळी मी हे आईंना सांगितलं. त्या पोट धरून हसल्या, कोथिंबिरीला तर फारच. मग मीही हसले.

तो महिना आम्ही तसा काढला. बाहेरच्या कुणाला सांगितलं असतं तर दोघींनाही डॉक्टरकडे नेलं असतं. रोज संध्याकाळी मी घरी आले की त्या विचारायच्या, "आज काय केलं?" आणि मी सांगायचे. गॅस आला. भाचीला फोनवर गणित शिकवलं. पंख्याला तेल घालताना स्टुलावरून पडता पडता वाचला. काही दिवस काहीच सापडायचं नाही, मग आई म्हणायच्या, "झोपला असेल दुपारभर." मी एकटीनं ते फोटो इतक्या महिन्यांत एकदाही उघडले नव्हते. आता ऑफिसची गाडी मलिहाबादच्या रस्त्याला लागली की मी उघडायचे, आणि रडायचे नाही. संध्याकाळी सांगायला काहीतरी न्यायचं असायचं. नव्या कामातही मन लागायला लागलं. सहकारी म्हणाले, "मैम अब सेट हो गईं." मी हो म्हटलं. कशामुळे झाले ते त्यांना काय सांगणार?

याच दिवसांत एकदा आईंनी भाजी चिरता चिरता विचारलं, "त्या दिवशी डब्यात काय होतं गं?"

मला एकदम राग आला. मी तेव्हापासून डबा नेत नव्हते, दुपारी कॅन्टीनची पुरीभाजी खात होते, आणि हे त्यांना माहीत होतं. "आठळ्यांची सुकी भाजी," मी म्हटलं. "का?"

"काही नाही. विचारलं."

भाजीवाल्याकडे त्या फणस घ्यायला लागल्या ते याच सुमारास. इथे कटहल कोवळा खातात. या मात्र जुनात जून शोधायच्या. तो बिचारा म्हणायचा, "माताजी, ये तो पक रहा है, नरम वाला लीजिए ना." या त्याला मराठीत सांगायच्या, "तुझं तू बघ रे बाबा." फणसाची भाजी आम्हाला कंटाळा येईपर्यंत झाली. आतल्या बिया, म्हणजे आठळ्या, त्या धुऊन गच्चीत वाळत टाकत. कोकणातल्या बायकांना आठळ्या टाकवत नाहीत, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

वटपौर्णिमा जवळ आली. इकडच्या बायकांनी वडाची पूजा आधीच्या अमावास्येलाच उरकली होती, समोरच्या घरातली सून नटून थटून गेलेली मी पाहिली होती. आई म्हणाल्या, "उद्या आपली." मग म्हणाल्या, "तू कधी केली नाहीस. बरं केलंस. केली असतीस तर आता झाडांचाही राग आला असता, आणि तुझं पोट झाडांवर."

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आले तेव्हा आई चांगलं पातळ नेसून दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. गेल्या वर्षी त्या तिथीला त्यानं त्यांना पुण्याच्या गाडीत बसवून दिलं होतं. हे मला फोनमध्ये शोधावं लागलं नाही. "खिडकीशी उभा होता," त्या म्हणाल्या. "गाडी सुटेना, म्हणून मीच म्हटलं, जा रे तू, पावसात कशाला उभा राहतोस. गेला मग. मी कशाला जा म्हटलं?" त्या मुलाला शेवटचं बघून बसल्या होत्या, आज दुसऱ्यांदा. मी त्यांच्या पायाशी उंबऱ्यावर बसले. त्या दिवशी त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. मला ते धरून ठेवावेसे वाटत होते. बागांमध्ये तोड सुरू झाली होती, पेट्या भरभरून ट्रक निघत होते, रस्ताभर दशहरीचा वास. ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नव्हता. मी तरी नवमीची रजा टाकली. अष्टमीला संध्याकाळी आले ती हजरतगंजहून पेढे घेऊनच. गेल्या वर्षी त्यानं त्या दिवशी आणले होते म्हणून. आईंनी देवापुढे ठेवले, एक मला दिला, एक स्वतः खाल्ला.

"मी उद्या घरी आहे," मी म्हटलं. "पंडितजींना सांगू का?"

"नको. पिंड एकदा दिले ते पोचतील तेव्हा पोचतील. आणि तू घरी राहू नकोस. कामावर जा."

"आई, उद्या?"

"उद्याच. गेल्या वर्षी मी नव्हते, तू एकटी होतीस. सगळं एकटीनं पाहिलंस, आणि मला कधी बोलून दाखवलं नाहीस. उद्या मी असते त्याच्याजवळ. तू जा."

मी साहेबांना फोन करून रजा रद्द केली.

सकाळी त्या माझ्याआधी उठल्या होत्या. स्वयंपाकघरात काहीतरी चाललं होतं, पण मला ओट्याकडे बघायची सवय राहिली नव्हती. मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी माझ्या हातात डबा दिला. नवा, स्टीलचा, विकास नगरच्या बाजारातून केव्हा आणला देव जाणे. "घे," म्हणाल्या, "आणि परत आणताना झाकण विसरू नकोस." तोही रोज हेच म्हणायचा. मग त्यांनी दार लावून घेतलं.

दुपारी बागेत तोडणीवाले सुटीला बसले तशी मीही एका झाडाखाली बसले. डबा उघडला. पोळ्या, आणि खाली आठळ्यांची सुकी भाजी, वर खोबरं पेरलेलं. इथला नारळ तो, त्याला ना चव ना गंध, तरी पेरला होता. गेल्या वर्षीचा डबा न उघडता राहिला होता, त्यात अशीच भाजी होती, त्याच्या हातची. ती मी कधी खाल्ली नाही. मी घास घेतला आणि मला रडू फुटलं. चारचौघांत, नव्या नोकरीच्या जागी, पदर नाही, रुमाल गाडीत.

शेजारच्या झाडाखाली म्हातारे माळीबाबा बसले होते. ते घाईघाईनं पाण्याची बाटली घेऊन आले. "क्या हुआ, मैडम? मिर्च ज़्यादा हो गई?"

"हाँ," मी म्हटलं.

"तो छोड़ दीजिए. हमारे साथ खा लीजिए."

"नहीं, बाबा," मी म्हटलं, आणि डबा मांडीवर घट्ट धरून शेवटच्या आठळीपर्यंत खाल्ला. मग बागेतल्या नळावर तो स्वतः धुतला, आणि झाकणासकट पिशवीत ठेवला.